धक्का कुणी सोसायचा?

बँकेत बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाकडे नातेवाईक दोनच कामांसाठी येतात. मुदत ठेवीचा दर विचारायला, नाही तर कर्ज कुठे मिळेल ते विचारायला. मी काही कादंबऱ्याही लिहिल्या आहेत, पण त्यांच्याबद्दल बोलायला म्हणून आजवर एकही नातेवाईक घरी आलेला नाही. त्यामुळे धाकट्या बहिणीचा मुलगा एका रविवारी सकाळी न सांगता, माझ्या आवडीचे पॅटीस घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाच प्रकरण रकमेचे आहे हे मी ओळखले.

"मामा, साडेतीन लाख लागतील."

"कशाला?"

"शॉकअपला. पुढचे आणि मागचे."

"आणि गाडी केवढ्याची?"

"चार लाखांची. सेकंडहँड."

चार लाखांच्या गाडीला साडेतीन लाखांचे शॉकअप! बँकेतल्या खुर्चीत असतो तर अर्ज तिथेच परत केला असता. शिवाय ही गाडी म्हणजे मोटोक्रॉसची. तिला दिवा नाही, हॉर्न नाही, नंबर प्लेट नाही. आरटीओत तिची नोंद होत नाही, म्हणजे आरसी बुक नाही आणि आरसी बुक नाही म्हणजे त्यावर बँकेच्या नावाचा बोजा चढवायची सोयही नाही. तारण म्हणून विचार केला तर ती गाडी नाहीच. मातीत उड्या मारणारा एक महागडा सांगाडा आहे.

भाचा चोवीस वर्षांचा. भोसरीच्या एका कारखान्यात नोकरी करतो. आठवड्याचे सहा दिवस डिझाइनच्या संगणकासमोर आणि सातव्या दिवशी पुण्याबाहेरच्या एका मातीच्या ट्रॅकवर. २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, ती पाहून तो आला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. गेल्या वर्षी गळपट्टीचे हाड मोडून घेतले. बहिणीने मला आधीच फोन करून ठेवला होता, "दादा, तुझ्याकडे येईल. तू नाही म्हण. तुझे ऐकतो तो." म्हणजे दोन्ही बाजूंनी माझ्यावर जबाबदारी आली होती. एकाला पैसे हवे होते, एकीला नकार हवा होता. आणि मला मोटोक्रॉसमधले ओ की ठो कळत नव्हते.

कळत नसलेल्या धंद्याला कर्ज नाकारणे सोपे असते. ती चूक मी पूर्वी एकदा केलेली आहे. त्याबद्दल पुढे सांगतो. म्हणून या वेळी ठरवले, आधी समजून घ्यायचे आणि मग नाही म्हणायचे.

मोटोक्रॉस हा खेळ तसा शंभरीचा. इंग्लंडमध्ये कॅम्बर्ली इथे १९२४ साली खडबडीत रानातून मोटारसायकली पळवण्याची एक शर्यत झाली, तिथपासून त्याची वंशावळ सांगतात. पुढे फ्रेंचांनी मोटोसिक्लेत आणि क्रॉसकंट्री हे दोन शब्द जोडून नाव दिले. १९५७ पासून ५०० सीसीच्या गटात जागतिक अजिंक्यपद सुरू झाले. खेळ सांगायला सोपा आहे. चढ, उतार, वळणे, चर आणि उंचवटे असलेल्या मातीच्या वाटेवर ठरावीक वेळ गाडी पळवायची. जागतिक स्पर्धेत ही वेळ तीस मिनिटे आणि वर दोन फेऱ्या अशी असते. पहिल्या फेरीत गुळगुळीत असलेली वाट दहाव्या फेरीत नांगरलेल्या शेतासारखी होते, आणि वेग मात्र तोच ठेवायचा असतो.

आता साधा प्रश्न. अशा शर्यतीत कोण जिंकेल? माझ्यासारखा माणूस म्हणेल, ज्याचे इंजिन जोरदार तो. पन्नास वर्षांपूर्वी मोटारसायकल कंपन्याही बहुतांश हेच समजत होत्या. पण इंजिनाची ताकद कितीही असो, ती जमिनीला पोचते टायरमधून, आणि टायर जमिनीवर असेल तेव्हाच. चाक हवेत फिरत असेल तर ती ताकद नुसता आवाज करते. १९७० च्या सुमाराला मोटोक्रॉस गाडीचे मागचे चाक जेमतेम चार इंच वरखाली होत असे. उंचवटा आला की चाक उसळायचे, गाडी उसळायची आणि वरचा माणूसही. वेग ठरायचा तो माणसाच्या गुडघ्यांवर.

हे चित्र बदलले ते एका कंपनीबाहेरच्या माणसामुळे. ल्यूसिएँ टिल्केन्स या बेल्जियन अभियंत्याने मागच्या दोन शॉकअपऐवजी सीटखाली आडवा बसवलेला एकच लांब शॉकअप तयार केला. यामाहाने ती कल्पना विकत घेतली आणि १९७३ साली स्वीडनच्या हाकान आंदेरसनने त्या गाडीवर २५० सीसीचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. बाकीचे जागे झाले. दशक संपेपर्यंत चार इंचांचे बारा इंच झाले. १९८०-८१ च्या सुमारास कावासाकी, होंडा, सुझुकी यांनी शॉकअप आणि चाक यांच्यामध्ये तरफांची जोडणी घातली. चाक जसजसे वर येईल तसतसा शॉकअप अधिक कडक होत जावा, ही त्यामागची युक्ती. आजही मोटोक्रॉस गाडीची चाल साधारण तीनशे मिलिमीटर, म्हणजे तेवढीच आहे. पन्नास वर्षांत इंजिने टू-स्ट्रोकची फोर-स्ट्रोक झाली, कार्ब्युरेटर गेले. चालीचे माप मात्र तिथेच राहिले. त्यानंतरची सगळी प्रगती त्या बारा इंचांच्या आत झाली आहे.

आणि ती करणारे बरेचसे लोक मोठ्या कंपन्यांतले नव्हते. स्वीडनचा केंट ओहलिन हा स्वतः मोटोक्रॉस खेळणारा. कंपनीच्या शॉकअपवर समाधान होईना म्हणून स्वतः बनवू लागला, १९७६ साली त्याने कंपनी काढली आणि १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाच्या गेन्नादी मोइसेयेवने केटीएम गाडीवर ओहलिनचे शॉकअप लावून २५० सीसीचे जागतिक अजिंक्यपद जिंकले. दोन वर्षांत! हॉलंडच्या विम पीटर्सने १९७७ मध्ये अशीच कंपनी काढली. त्याच्या स्प्रिंगा पांढऱ्या रंगाच्या असत. आज ती डब्ल्यूपी या नावाने ओळखली जाते आणि केटीएमच्या घरचीच झाली आहे. म्हणजे ज्याला माझ्या भाच्याची पिढी 'आफ्टरमार्केट' म्हणते, तो धंदा चैनीतून जन्मलेला नाही. कारखान्याने दिलेल्या वस्तूवर असमाधानी असलेल्या माणसांनी आपल्या शेडमध्ये उभा केलेला आहे. हे वाचल्यावर मला अस्वस्थ वाटू लागले, कारण अशी एक शेड मी पाहिली होती.

साल १९९४. मी पुण्यातल्या एका शाखेत लघुउद्योगांची कर्जप्रकरणे पाहत होतो. नाना पेठेच्या बाजूने एक मेकॅनिक आला. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्या काळी परदेशी मोटोक्रॉस गाडी दिसणे म्हणजे पर्वणी. आपली मुले आरएक्स १००, शोगन, सामुराई अशा रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे-पत्रे उतरवून त्यांवरच शर्यती खेळत. त्या गाड्यांचे शॉकअप उड्यांना टिकत नसत. मिस्त्री ते उघडून, आतली तेलाची छिद्रे बदलून, स्प्रिंगा तापवून-वळवून नव्या घडवून घेऊन ते शर्यतीलायक करत असे. त्याला साठ हजार हवे होते. एक दाबयंत्र, नायट्रोजन भरायची सोय आणि शॉकअप तपासायचे एक साधे बाक. शाळेच्या वहीच्या पानावर त्याने यंत्राची आकृती काढून आणली होती.

मी ताळेबंद मागितला. नव्हता. तारण विचारले. नव्हते. गिऱ्हाईक किती, विचारले. "शर्यतवाली पंधरा-वीस पोरे आहेत साहेब, पण मन लावून करतो." मी अर्जावर इंग्रजीत शेरा मारला. त्याचा मराठी अर्थ असा की, प्रस्तावित व्यवसाय हौसेच्या स्वरूपाचा असून त्यातून परतफेडीची क्षमता दिसत नाही. शेरा नियमाला धरून होता. त्याच तिमाहीत सायलेन्सर आणि हॉर्न विकणाऱ्या एका दुकानाची कॅश क्रेडिटची मर्यादा मी वाढवून दिली. त्याचा ताळेबंद सुरेख होता. ते खाते पुढे थकले.

भाच्याला घेऊन मी मिस्त्रींना शोधत गेलो. आता सत्तरीला आलेले. शेड तीच, पण आत ते यंत्र होते. पैसे कुठून उभे केले ते त्यांनी मी न विचारता सांगितले. शेकडा तीन दराने, दरमहा, आणि बायकोच्या पाटल्या ठेवून. "चार वर्षांत फिटले साहेब," एवढेच म्हणाले. मी तो शेरा मारणारा माणूस आहे हे त्यांना आठवत होते. त्यांनी चहा मागवला.

मग त्यांनी भाच्याची गाडी पाहिली. कॅटलॉगकडे पाहिलेही नाही. आधी त्याला विचारले, "वजन किती तुझे?" अठ्ठावन्न किलो. "आणि गाडी कुणाच्या वजनाची आहे?" पोरगा गप्प. मलाही प्रश्न कळला नाही. मिस्त्री म्हणाले, कारखान्यातून निघताना गाडीत स्प्रिंग बसवावी लागते, ती कुणाच्या तरी वजनाची धरूनच. ही पंचाहत्तर किलोच्या आसपासच्या माणसासाठी आहे. तू सतरा किलो कमी. आधी मोजू, मग बोलू.

मोजमापाला तीन माणसे लागतात, म्हणून मीही हाताशी होतो. गाडी स्टँडवर उचलली की मागचे चाक लोंबते. चाकाच्या आसापासून वरच्या मडगार्डवरच्या खुणेपर्यंतचे अंतर टेपने मोजायचे. मग गाडी जमिनीवर ठेवून, तिच्या स्वतःच्या वजनाने ती किती बसते ते मोजायचे. मग चालकाला बूट, हेल्मेटसकट वर बसवून पुन्हा. तीनशे मिलिमीटर चालीपैकी सुमारे शंभर मिलिमीटर, म्हणजे एक तृतीयांश, माणूस बसल्यावर खर्च व्हायला हवी. कारण चाकाला नुसते वर यायचे नसते, खड्डा आला की खालीही जायचे असते. ती जागा आधीच राखून ठेवावी लागते. आमच्या भाषेत सांगायचे तर तरतूद.

भाचा बसला तेव्हा गाडी ऐंशीच बसली. मिस्त्रींनी स्प्रिंगवरची गोल नट सैल करत ती शंभरावर आणली. भाच्याला वाटले, झाले काम. पण त्यांनी त्याला उतरवले आणि रिकामी गाडी पुन्हा मोजली. छप्पन्न. ती तीस-चाळीसच्या दरम्यान हवी. म्हणजे रिकामी गाडी गरजेपेक्षा जास्त बसते आणि माणसाच्या वजनाला मात्र पुरेशी दाद देत नाही. याचा अर्थ स्प्रिंगच या माणसासाठी कडक. "दुसऱ्याच्या मापाचा सदरा आहे हा," मिस्त्री म्हणाले. "साडेतीन लाखांचा दुसरा तयार सदरा आणलास तरी माप दुसऱ्याचेच राहील."

पुढच्या तासाभरात मी जे शिकलो ते वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, कारण या विषयातले मर्म तिथेच आहे. स्प्रिंग धक्का नाहीसा करत नाही. ती तो साठवते आणि लगेच परत करते. नुसती स्प्रिंग असेल तर गाडी चेंडूसारखी उसळत राहील. धक्का जिरवते ते तेल. शॉकअपच्या आत एक दट्ट्या तेलातून वरखाली होतो. दट्ट्याला भोके असतात आणि भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्यांची एक चळत झाकणासारखी बसवलेली असते. एकेक चकती मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढी. तेलाचा दाब वाढला की चकत्या वाकतात आणि वाट देतात. हळू दाबले तर थोड्या, जोरात आदळले तर जास्त. कोणती चकती, किती जाड, किती व्यासाची, चळतीत कुठे, यावर सगळा स्वभाव ठरतो. गाडी दबताना वेगळी चळत, परत येताना वेगळी. मिस्त्रींकडे त्या चकत्या औषधाच्या रिकाम्या डब्यांत मापांनुसार भरून ठेवल्या होत्या.

तेलात जिरलेला धक्का उष्णता होऊन बाहेर पडतो. वीस मिनिटे आदळआपट केल्यावर शॉकअपला हात लावता येत नाही. तेल तापले की पातळ होते, त्यात हवा मिसळली की फेस होतो आणि फेस धक्का जिरवत नाही. म्हणून वेगळ्या नळकांड्यात नायट्रोजन दाबाने भरून तेलाला दाबाखाली ठेवतात. महागड्या शर्यतीच्या शॉकअपचे खरे मोल इथे आहे. त्यांत नळीचा आणि दट्ट्याचा घाट अधिक नेमका असतो, घासणाऱ्या पृष्ठभागांवर कठीण लेप असतो, तेल जास्त मावते, त्यामुळे शेवटच्या फेरीतही ते पहिल्या फेरीसारखे वागतात. ही फसवणूक नाही, चैनही नाही. पण तो फरक कुणाला कळतो? जो शेवटच्या फेरीत पहिल्या फेरीच्या वेगाने जातो त्याला. जो आठव्या फेरीतच हात भरून आल्याने मंदावतो, त्याला तो फरक विकत घेऊन उपयोग नाही.

मिस्त्रींनी हिशेब दिला. त्याच्या वजनाच्या पुढच्या-मागच्या स्प्रिंगा, नवे तेल, सील आणि चकत्यांची नवी मांडणी. सगळे मिळून तीस हजारांच्या आत.

तीन आठवड्यांनी आम्ही ट्रॅकवर गेलो. चमत्कार झाला असे मी सांगणार नाही. पहिल्या फेरीत जेमतेम सेकंदाचा फरक. पण आधी सहाव्या-सातव्या फेरीला त्याचे हात मनगटापासून कोपरापर्यंत दगडासारखे होत आणि पुढचे चाक चरांतून बाजूला फेकले जाई. तसे पडूनच गेल्या वर्षी हाड मोडले होते. त्या दिवशी तो बारा फेऱ्या एका लयीत फिरला. उतरला तेव्हा तळहातांवर फोड नव्हते. मिस्त्री एका फेरीला कोपऱ्यावर उभे राहून नुसते मागच्या चाकाकडे पाहत होते. पोराकडे त्यांनी पाहिलेच नाही.

आता माझे मत. हा लेख त्यासाठीच आहे.

पहिले, ज्यांच्या घरी अशी हौशी मुले आहेत त्यांना. गाडीवर पैसे घालायचेच असतील तर इंजिन आणि सायलेन्सर यांच्या आधी ते धक्का सोसणाऱ्या भागावर घाला, आणि नवा भाग आणण्याआधी आहे तो मुलाच्या वजनाला बसवून घ्या. मग एक हंगाम खेळू द्या. त्यानंतरही तोच भाग त्याला मागे ओढत असेल तर जरूर मोठी खरेदी करा, पण ती परत मिळणारी गुंतवणूक समजू नका. गाडी विकताना या वस्तूंची किंमत कुणी धरत नाही. आणि हे सगळे ट्रॅकपुरते. रस्त्यावरच्या गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मंजूर नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ते स्पष्ट केले आहे.

दुसरे, संयोजकांना. ज्याच्या बापाकडे साडेतीन लाख आहेत त्याच्याशी, ज्याच्याकडे तीस हजार आहेत त्याने एकाच गटात खेळावे आणि निकालाला गुणवत्ता म्हणावे, हे पटत नाही. अमेरिकेत १९८६ पासून कारखान्यांच्या खास बनावटीच्या गाड्यांना बंदी झाली. चौकट आणि इंजिनाचे मुख्य भाग बाजारात मिळणाऱ्या गाडीचेच हवेत असा नियम झाला, पण सस्पेन्शनवर हात चालवायला मोकळीक राहिली. आपल्याकडे नवोदितांसाठी एक गट असा ठेवता येईल की शॉकअपचे बाहेरचे नळकांडे गाडीसोबत आलेलेच हवे. आतली स्प्रिंग आणि चकत्या हव्या तशा बदला. मग पैशाऐवजी मिस्त्रीच्या डोक्याची स्पर्धा होईल. त्यातून आपल्याकडे ही विद्या वाढेल. देशी कंपन्यांनीही दिशा दाखवलेली आहे. हीरोने एक्सपल्स २०० साठी रॅली किट काढले, त्यात पुढची चाल १९० वरून २५० मिलिमीटर आणि मागची १७० वरून २२० झाली. पण ते किट प्रत्येकाच्या वजनाला लावून देणारे हात कारखान्यात तयार होत नाहीत.

तिसरे, माझ्या जुन्या जातभाईंना, म्हणजे बँकवाल्यांना. ताळेबंद पाहू नका असे मी म्हणत नाही. पण वहीच्या पानावरची आकृतीही पाहा. ती समजत नसेल तर समजणाऱ्याला विचारा. मी विचारले नाही.

बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सरळ नाही. सस्पेन्शन सुधारले की खेळ सुरक्षित होतो, असे तिला छातीठोकपणे सांगता येत नाही. चाल वाढली तशा उड्याही वाढल्या, हा या खेळाचा इतिहास आहे. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टेडियममध्ये माती ओतून झालेल्या शर्यतीतून सुपरक्रॉस जन्माला आला, आणि त्यानंतर उंचवटे मोठेच होत गेले. मर्यादा वाढवून दिली की खातेदार ती पुरेपूर वापरतो, हे मी बत्तीस वर्षे पाहिले आहे. भाचाही वापरणार. मी तिला एवढेच म्हणालो, "तो थांबणार नाही. निदान दुसऱ्याच्या मापाच्या गाडीवरून पडणार नाही." तिचे समाधान झाले नाही. आईचे होऊही नये.

तीस हजार मी दिले. साडेतीन लाखांचे पुढच्या हंगामानंतर पाहू, असे ठरले आहे. मिस्त्रींनी मजुरी सांगितली ती मला कमी वाटली, तसे मी म्हणालो. ते म्हणाले, "दर तोच आहे साहेब, सगळ्यांना." मी मुकाट्याने तेवढेच दिले. निघताना भाच्याने विचारले, ही विद्या शिकायची तर कुठे शिकायची? मिस्त्रींनी शेडकडे पाहिले. त्यांच्या मुलाने आयटीत नोकरी धरली आहे, ते यंत्र चालवायला दुसरे कुणी नाही. रविवारी दुपारनंतर येत जा, म्हणाले.

आता भाचा रविवारी सकाळी ट्रॅकवर असतो आणि दुपारी नाना पेठेत. बहिणीला दुपारची भानगड ठाऊक नाही. हा लेख वाचून कळेल.